द नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग, ब्लेचली: एकच प्रश्न विचारत फिरा

युकेमध्ये राहणाऱ्या किंवा इथे लेकीकडे-मुलाकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला, आणि आयटीत असलेल्या बायकांना तर जरा जास्तच, मला हे म्युझियम बघायला पाठवायचंय. एक अख्खा दिवस काढून जा. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आधी पत्त्याचा घोळ मिटवते कारण बऱ्याच जणांचा होतो. ब्लेचली पार्क म्हणजे तो जुना बंगला, तळं, लाकडी हट्स, जिथे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडले जायचे, ते एक ठिकाण. आणि त्याच आवारात ब्लॉक एच नावाच्या बैठ्या इमारतीत द नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग आहे, ते वेगळं. संस्था वेगळी, तिकीट वेगळं, एकाच्या तिकिटावर दुसरीकडे सोडत नाहीत. लंडन युस्टनहून ट्रेनने साधारण पाऊण तास, ब्लेचली स्टेशनला उतरून चालत जाता येतं. आठवड्याचे सगळे दिवस उघडं असतंच असं नाही, त्यामुळे वेबसाइटवर वार बघूनच निघा. बहुतेक लोक बंगला आणि हट्स बघतात, दमतात आणि परत जातात. एकच बघायचं झालं तर मी म्हणेन ब्लॉक एच बघा.

कारण इथली यंत्रं चालू आहेत. काचेमागे ठेवलेली धूळ खाणारी नाहीत, खरोखर वीज दिलेली, गरम होणारी, आवाज करणारी. आणि ती चालवून दाखवणारे बहुतेक सगळे व्हॉलंटियर्स, त्यातले बरेचसे आयुष्यभर टेलिफोन, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरमध्ये काम केलेले आजी-आजोबा, प्रश्न विचारला की खुलतात अगदी. तर तुम्ही एवढंच करा, प्रत्येक यंत्रापाशी विचारा की हे चालवायचं कोण. बनवलं कोणी हे तुम्हाला न विचारताच कळेल, ती नावं प्रसिद्ध आहेत. चालवायचं कोण हे विचारलंत की दर खोलीत उत्तर जवळजवळ एकच येतं, मुली. आणि मग त्या नक्की काय करायच्या हे यंत्र समोर फिरत असताना बघायला मिळतं, हे पुस्तकात वाचून कळत नाही, मला तरी कळलं नव्हतं.

सुरुवात लॉरेन्झच्या भागापासून करा. हिटलरचे वरच्या सेनापतींशी चालणारे संदेश एनिग्मा या जर्मनांच्या प्रसिद्ध गुप्तलेखन यंत्राने नाही तर लॉरेन्झ नावाच्या बारा चाकांच्या मशीनने गुप्त केलेले असायचे, ब्रिटिशांनी त्याचं टोपणनाव टनी ठेवलं होतं. केंटमधल्या नॉकहोल्टला हे रेडिओ सिग्नल पकडले जायचे, आणि कागदाच्या पट्टीवर शाईची वरखाली जाणारी रेघ उमटायची. ती रेघ नुसत्या डोळ्यांनी वाचून त्यातून एकेक अक्षर काढायचं काम मुली करायच्या. मग तोच संदेश कागदी टेपवर भोकं पाडून दोनदा पंच करायचा आणि दोन्ही टेप जुळतात का बघायचं, कारण एक अक्षर जरी गळलं तरी पुढचं सगळं सरकतं आणि मशीनवरचे तास फुकट. मी पंधराएक वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, डेटा घाण असेल तर पुढचं कुठलंही डोकं कामाला येत नाही हे आम्ही रोज ओरडून सांगतो. त्या मुली ते हाताने करत होत्या, युद्ध चालू असताना, रात्रपाळीत.

मग कोलोसस. लॉरेन्झची चाकं कशी लावली होती ते शोधायला मदत करणारं एक खोलीभर यंत्र. लंडनच्या डॉलिस हिलला पोस्ट ऑफिसचं रिसर्च स्टेशन होतं, तिथल्या टॉमी फ्लॉवर्सने हे बनवलं, पहिलं १९४४ च्या फेब्रुवारीत ब्लेचलीत कामाला लागलं आणि सुधारलेलं दुसरं १ जून १९४४ ला, म्हणजे नॉर्मंडीच्या स्वारीच्या पाचच दिवस आधी. युद्ध संपेपर्यंत दहा कोलोसस चालू होते. युद्धानंतर बहुतेक सगळे तोडून टाकले, कागदपत्रं जाळली. आज जो दिसतो तो टोनी सेल आणि त्यांच्या टीमने नव्वदच्या दशकात सुरुवात करून उरलेसुरले फोटो, सर्किटचे कागद आणि जुन्या इंजिनियर्सच्या आठवणींवरून उभा केलेला, २००७ ला पूर्ण झालेला. जवळजवळ २५०० व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, आहेत, त्या पेटलेल्या दिसतात, जवळ गेलं की तोंडावर ऊब येते. आणि एका बाजूला लोखंडी फ्रेमवर कप्प्यांवरून कागदाची टेप गोल गोल धावत असते, रहाटाच्या दोरीसारखी, फक्त वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास, सेकंदाला ५००० अक्षरं. आपल्या माहितीतली कागदाची पट्टी एवढ्या वेगात फिरताना बघून अंगावर काटा येतो.

ती टेप गोल जोडायची कशी? तर दोन टोकं एकमेकांवर बरोबर भोकावर भोक येईल अशी ठेवून गोंद लावायचा आणि गरम चिमट्यात दाबून सुकवायची. कमी लागला तर त्या वेगात टेप सुटून खोलीभर चिंध्या, जास्त लागला तर अडकणार. ताण किती द्यायचा तेही हाताच्या अंदाजाने. फ्रेमवर एक टेप धावत असताना दुसरी चढवून तयार ठेवायची, म्हणजे मशीन रिकामं राहायला नको. हे सगळं रेन्स करायच्या, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या महिला दलातल्या मुली, कोलोससवर आलेल्या बहुतेक जणी साडेसतरा ते वीस वर्षांच्या. पण नुसती टेप चढवणं नव्हतं हं. पुढच्या पॅनलवर स्विच आणि प्लग लावून कुठल्या चाकाची कुठली तुलना करायची ते ठरवायचं, मशीन मोजून आकडा टाइपरायटरवर छापणार, तो आकडा बघून पुढची रन कुठली लावायची ते पुन्हा ठरवायचं. सुरुवातीला शेजारी एक गणिती बसलेला असायचा, नंतर ठरावीक पद्धतीच्या रन्स या मुली स्वतःच्या स्वतः करायच्या. आज आपण याला काय पगार देतो सांगा.

कोलोसस वापरणाऱ्या या विभागाचा प्रमुख गणितज्ञ मॅक्स न्यूमन, त्यामुळे त्याला न्यूमनरी म्हणायचे. युद्धाच्या शेवटी तिथे २७२ रेन्स होत्या आणि पुरुष २७. हा आकडा मी तिथे उभं राहून माझ्या नवऱ्याला सांगितला तर तो म्हणाला उलटं सांगतेयस का. नाही, उलटं नाही. कोलोससचा जो एक प्रसिद्ध फोटो आहे ना, तुम्ही नक्की बघितला असेल, त्यात मशीनपुढे दोन मुली उभ्या आहेत, त्यांची नावं डोरोथी ड्यू बॉइसन आणि एल्सी बुकर. वर्षानुवर्षं तो फोटो पहिला कॉम्प्युटर म्हणून छापला गेलाय आणि खालच्या ओळीत बहुतेक वेळा फक्त मशीनचं नाव.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, ट्रंक कॉल लावायच्या. इंग्रजी भरभर बोललेलं त्यांना समजत नाही, मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते, पण कोलोससच्या मागच्या बाजूला गेलो (तिथे फिरून बघता येतं) आणि त्या थांबल्याच. म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या एक्स्चेंजचं सामान आहे." आणि बोट दाखवून दाखवून सांगायला लागल्या, हा रॅक, हे रिले, हे जॅक. बरोबरच होतं त्यांचं, फ्लॉवर्स टेलिफोन एक्स्चेंजचाच इंजिनियर, त्याने हाताशी होतं तेच सामान वापरलं. तिथले व्हॉलंटियर आजोबा स्वतः टेलिफोनमधून रिटायर झालेले निघाले. मी मध्ये दुभाषी आणि ते दोघं प्लग कसा झिजतो, कॉन्टॅक्ट कशाने पुसायचा यावर बोलताहेत, अर्धा तास. आईंनी त्यांना विचारलं की या मुलींना नंतर नोकरीत ठेवलं का? एवढा नेमका प्रश्न मला सुचला नव्हता.

उत्तर असं आहे की बहुतेकींना घरी पाठवलं, आणि वर कुणालाही काही सांगायचं नाही म्हणून सही घेतलेली. सत्तरच्या दशकापर्यंत हे सगळं गुपित. म्हणजे ज्या मुलीने विसाव्या वर्षी जगातला पहिलावहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर चालवला तिने पुढची तीसएक वर्षं नोकरीच्या अर्जात ते लिहायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही, पोरांना सांगायचं नाही. करियरमध्ये गॅप आली की काय होतं हे आपल्याला माहितीये, इथे तर अनुभवच पुसून टाकलेला.

एनिग्मा फोडायला वापरलेलं बॉम्ब नावाचं यंत्र, त्याची चालती प्रतिकृतीही २०१८ पासून याच म्युझियममध्ये आहे. पुढून रंगीत ड्रमच्या रांगा दिसतात, पण मागे जाऊन बघा, केबलचं जंगल आहे, आणि दर वेळी नवीन मांडणीप्रमाणे ते सगळं हाताने जोडायचं. ड्रमच्या आत बारीक तारांचे ब्रश असतात, त्यातली एक तार जरी शेजारच्या तारेला टेकली तरी शॉर्ट, म्हणून त्या मुली चिमट्याने एकेक तार सरळ करत बसायच्या. जीन व्हॅलेंटाइन त्यातल्याच एक, नंतर त्यांना कोलंबोला जपानी हवामान संदेशांच्या कामावर पाठवलं होतं, आणि म्हातारपणी त्या पुन्हा ब्लेचलीत येऊन ही प्रतिकृती लोकांना चालवून दाखवायच्या. २०१९ मध्ये गेल्या. त्यांचं प्रात्यक्षिक बघायला मिळालं असतं तर काय हवं होतं!

आणि जोन क्लार्क. केंब्रिजची गणितातली पहिल्या वर्गाची मुलगी, पण केंब्रिज तेव्हा बायकांना पूर्ण पदवी देत नव्हतं, ती १९४८ पासून मिळायला लागली. हट ८ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंगबरोबर नौदलाच्या एनिग्मावर काम. हिचा पगार वाढवायचा तर वरच्या हुद्द्यावर बाई बसवायला नियमच नाही, म्हणून कागदोपत्री तिला भाषातज्ज्ञ केलं. फॉर्म भरताना ती मजेत लिहायची, हुद्दा भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा शून्य. १९४४ मध्ये ती हट ८ ची उपप्रमुख होती.

युद्ध संपल्यावर तरी सुधारलं का, तर सरकारी ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर आले, ते चालवायला बायकाच, आणि १९५५ ला ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसने समान पगार द्यायचं ठरवलं तो टप्प्याटप्प्याने १९६१ पर्यंत लागू झाला, पण मशीनवर काम करणाऱ्या हुद्द्यांना त्यातून वगळलं. कारण काय, तर तिथे जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत, मग समान कुणाशी करायचं! हे वाचलं तेव्हा मला खरंच संताप आला होता आणि अजून येतो.

कोलोससपाशी उभं राहिलं की मला हमखास आठवतात त्या स्टेफनी शर्ली, कारण त्यांची पहिली नोकरी त्याच डॉलिस हिलला, फ्लॉवर्ससारख्या माणसांच्या हाताखाली. डॉर्टमुंडला जन्म, ज्यू कुटुंबातली मुलगी, १९३९ मध्ये पाच वर्षांची असताना नाझींपासून वाचवायला मुलांच्या ट्रेनने इंग्लंडला पाठवली. हुशार असूनही बढतीच्या वेळी अडवलं जातंय हे बघून १९६२ मध्ये ६ पौंडांवर स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली, फ्रीलान्स प्रोग्रामर्स. कामाला कोण घ्यायचं? लग्न झालं, मूल झालं म्हणून नोकरी सोडलेल्या प्रोग्रामर बायका. घरी बसून, पार्ट टाइम, जमतील तेव्हा. घरात कॉम्प्युटर कुठला, टेलिफोन हवा एवढीच अट, प्रोग्राम पेन्सिलने कागदावर लिहायचा, पोस्टाने पाठवायचा, तिकडे तो पंच व्हायचा. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग अशा घरी बसलेल्या बायकांनी केलंय. पहिल्या ३०० जणांत पुरुष फक्त ३. स्टेफनी नावाने पत्रं पाठवली तर उत्तर येत नाही म्हणून नवऱ्याच्या सल्ल्याने स्टीव्ह अशी सही करायला लागल्या आणि उत्तरं यायला लागली. फोनवर क्लायंटशी बोलताना मागे पोराचा आवाज जाऊ नये म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवायच्या! पुढे कंपनीचे शेअर्स कर्मचाऱ्यांना दिले, त्यातले ७० जण लखपती नाही, पौंडात मिलियनेअर झाले. याच कंपनीचं नाव नंतर झान्सा झालं आणि तिची आपल्याकडे नोएडा, चेन्नईला मोठी ऑफिसं होती, म्हणजे आपल्यातल्या काही जणींनी तिथे नोकरीही केली असेल. शर्लीबाई २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेल्या, ९१ व्या वर्षी.

मी हे एवढं का लिहितेय, तर पुण्यातल्या एका कंपनीत (नाव नाही घेत) मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा माझं प्रोजेक्ट दुसऱ्याला गेलेलं होतं आणि मला सांगितलं की आता तुला हलकं काम बरं पडेल ना. मी हलकं काम मागितलं नव्हतं. आपल्याकडे २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ५० आणि त्याहून जास्त लोक असतील तिथे पाळणाघराची सोय करायची आहे, चांगलाच कायदा आहे, पण परत आल्यावर तिच्या हाती काम कोणतं द्यायचं हे कायदा सांगत नाही, ते मॅनेजर ठरवतो. शर्लीबाईंनी साठ वर्षांपूर्वी अवघड काम, खरं काम, घरी बसलेल्या बाईला दिलं आणि ते वेळेत मिळालं. आज लॅपटॉप आहे, इंटरनेट आहे, आणि तरी दोन वर्षांची गॅप दिसली की रेझ्युमे बाजूला. माझ्या ओळखीत निदान चार जणी उत्तम डेव्हलपर आज घरी आहेत, काम येत नाही म्हणून नाही, कुणी विचारत नाही म्हणून.

असो, म्युझियमकडे येते. मुलं असतील तर त्यांना सगळ्यात आवडणार बीबीसी मायक्रोची खोली. जुन्या शाळेच्या वर्गासारखे ऐंशीच्या दशकातले कॉम्प्युटर ओळीने मांडलेत आणि हात लावायला परवानगी आहे. माझ्या लेकीने बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत दोन ओळींचा प्रोग्राम लिहून स्क्रीनभर स्वतःचं नाव छापलं आणि तिथून उठायलाच तयार होईना. ते जे बीबीसी बेसिक ती वापरत होती ते सोफी विल्सन यांनी लिहिलंय. त्याच सोफी विल्सन यांनी पुढे स्टीव्ह फर्बर यांच्याबरोबर एआरएम प्रोसेसर घडवला, सूचनांचा संच त्यांचा, पहिली चिप १९८५ मध्ये चालली. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यातली चिप जवळजवळ नक्की त्याच घराण्यातली. लेकीला हे सांगितल्यावर तिने माझा फोन घेऊन उलटा करून बघितला.

बाकी दालनांबद्दल थोडक्यात सांगते. विच म्हणून १९५१ चं, हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रातलं यंत्र आहे, चालू स्थितीतला जगातला सगळ्यात जुना मूळ डिजिटल कॉम्प्युटर, अतिशय सावकाश, एक गुणाकार करायला काही सेकंद घेतं, आणि म्हणूनच मुलांना समजवायला उत्तम, आकडे दिव्यांमध्ये सरकताना दिसतात. केंब्रिज विद्यापीठाच्या एडसॅक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरची प्रतिकृती आहे, मूळ यंत्रावर जॉयस व्हीलर यांनी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलच्या हाताखाली पीएचडी करताना ताऱ्यांच्या आतली गणितं सोडवली होती. आयसीएल या ब्रिटिश कंपनीचे मेनफ्रेम, म्हणजे ऑफिसांसाठीचे मोठमोठे कॉम्प्युटर, आहेत, ते माझ्या नवऱ्याला आवडले, मला फार नाही.

कोणासाठी नाही? फक्त फोटो काढायचे असतील, हिरवळ-तळं हवं असेल तर शेजारचं ब्लेचली पार्क बरं. इथली इमारत दिसायला साधी आहे आणि माहिती खूप, ऐकायची तयारी हवी. अगदी लहान मुलं कंटाळतील, आठ-नऊच्या पुढची रमतात. वयस्कर माणसांना सोबत नेताना मध्ये मध्ये बसवा, उभं राहणं बरंच होतं. आणि दारातून आत गेल्या गेल्या आधी कोलोसस आणि बॉम्ब कधी चालवून दाखवणार ते विचारून घ्या, त्याप्रमाणे बाकीचं बसवा, नाहीतर यंत्र थांबलेलं असताना पोचाल आणि निम्मी मजा गेली. पुढच्या सुट्टीत माझी भाची येतेय, बारावी झालीय, कॉम्प्युटर घेऊ का मेकॅनिकल यावर घरात रोज वाद चालू आहेत, तिला मी पहिल्याच आठवड्यात इथे घेऊन जाणार आहे. तिघीचौघींना यायचं असेल तर सांगा, एकत्रच जाऊ.